मामंजींची तीन रिव्हॉल्व्हरं

आमच्या घरात तीन रिव्हॉल्व्हरं होती आणि त्यांतलं एकही मामंजींनी कधी चालवलं नव्हतं. मामंजी म्हणजे माझे सासरे. हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर सासरच्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचा मला इतका राग आला नाही. पहाटे उठून सडा टाकणं, डोक्यावरचा पदर, मामंजी ओसरीवर असले की मागच्या दारानं ये-जा करणं, हे सगळं मी धरून चालले होते. पण कपाटात तीन रिव्हॉल्व्हरं कुलूप लावून ठेवायची आणि ती नुसती बघायची, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

मला राग यायला कारण होतं. मी नांदेडची. कॉलेजात छात्रसेनेत होते. मुलींना रायफल हातात देतात ती वर्षातून चारदोन वेळाच, आणि बऱ्याच मुली तेवढ्यातही कानात कापूस कोंबून डोळे मिटून घेत. मला मात्र त्याचं पहिल्या दिवसापासून वेड लागलं. जमिनीवर पालथं पडायचं, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि बोट हळूच आवळायचं. तिसऱ्या खेपेला माझ्या पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसल्या. शिकवायला एक हवालदार होते, ते कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "या पोरीला घाई नाही." आयुष्यात माझं इतकं चांगलं कौतुक कुणी केलं नाही, आणि ज्यांना मी माहीत आहे ते हसतील, कारण बाकी सगळ्या बाबतींत मी भयंकर उतावळी. शिबिरात मला एक कप मिळाला. तो आईनं पोहे मोजायला घेतला. लग्न ठरवताना यातलं काही सासरी सांगितलं नाही. लपवलं असं नाही, पण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं आमच्याकडे कुणाला वाटलंच नाही.

सासर अहमदपूरपासून दहाबारा किलोमीटरवर. जमीन बऱ्यापैकी. ज्वारी, तूर, करडई. मामंजी जुन्या काळी उर्दूतून शिकलेले, उंच, काटकुळे, बोलायला कमी. शेती ते मन लावून करत, पण जीव होता तो त्या कपाटात. निजामाची राजवट गेली, त्या वेळचे अंमलदार, जहागीरदार पुढे हळूहळू शहरांकडे गेले, कुणी वारलं, आणि त्यांच्या घरांतून अशा वस्तू निघू लागल्या. ज्याच्याकडे परवाना त्याला त्या रीतसर नावावर करून घेता येत. मामंजींनी वीसपंचवीस वर्षांत कितीतरी पाहिल्या आणि तीनच घेतल्या. दोन लहान आणि एक मोठं, विलायती, मधून मोडून काडतुसं भरायचं.

ते मोठं त्यांनी नांदेडहूनच आणलं होतं, आमच्या माहेरच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडून. एका जुन्या अधिकाऱ्याच्या विधवेकडून. तीन चकरा मारल्या तरी बाई दाद देईनात. चौथ्या खेपेला पडद्याआडून त्यांनी विचारलं, "चलाते क्या इसको?" मामंजी म्हणाले, "नै. रखता हूं." मग बाईंनी दिलं, सोबत काडतुसांचा एक पुठ्ठ्याचा डबाही. ही हकीकत मामंजी पाहुण्यांना सांगत तेव्हा मी माजघरात दात खात बसलेली असे. माझ्याच गावातून इतकी चांगली वस्तू निघाली, आणि कशाला, तर न चालवण्यासाठी!

वस्तू मात्र चांगली होती, हे मलाही नाकारता येत नाही. उदगीरहून, निलंग्याहून माणसं आपापली हत्यारं दाखवायला मामंजींकडे येत. ते पाहण्यासारखं असे. आधी हात धुवायचे. मग खिडकीशी बसून स्क्रूच्या खाचा बघायच्या. खाचा चावल्यासारख्या झाल्या असतील तर गावच्या लोहारानं हात घातलाय, पुढं बघायचंच काम नाही. मग चकरी, म्हणजे सहा घरांचा तो फिरता भाग, बोटांत धरून हलते का ते बघायचं. मग अंगठ्याचं नख नळीच्या मागे धरायचं, नखावर उजेड घ्यायचा आणि पुढून नळीत एक डोळा लावायचा. आतले पीळ स्वच्छ दिसले पाहिजेत. एवढं झाल्यावर त्यांचे दोनच निकाल असत. "चीज हाय," नाहीतर "लोखंड हाय." लोखंड म्हटलं की समोरचा माणूस चहाही न घेता निघून जाई. वरातीत हवेत बार काढणाऱ्या एका भावकीतल्या माणसाशी तर त्यांनी बोलणंच टाकलं होतं.

"एक गोळी गेली की चीज उतरली," असं त्यांचं म्हणणं. चापाला हात लावायचा नाही, चकरी उगाच फिरवायची नाही, फिरवली तरी झिजते.

मी फार दिवस गप्प बसले. पहिल्या दसऱ्याला मात्र राहवलं नाही. आमच्याकडे दसऱ्याला पाटावर सगळी हत्यारं मांडत. विळे, कोयते, नांगराचा फाळ, एक जुनी तलवार आणि मधोमध ही तीन. घाण्यावरून नुकतंच आलेलं घरच्या करडईचं तेल एका वाटीत असे. मामंजी कापसाच्या बोळ्यानं ते तेल तिन्ही रिव्हॉल्व्हरांना पुसत, सांध्यांत दोन-दोन थेंब सोडत, मग हळदकुंकू. ताट घेऊन मी शेजारी उभी. तोंडातून निघून गेलं, "मामंजी, आमच्याकडे रायफलींना वेगळं तेल वापरायचे. रंगून तेल म्हणायचे त्याला."

"त्ये सरकारी बंदुकांला," ते म्हणाले. "हे आपल्या रानातलं हाय."

विषय निघालाच होता, म्हणून मी पुढे रेटलं. "वापरायचंच नाही तर ठेवायचं कशाला?"

सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मामंजी रागावले नाहीत. बोळा खाली ठेवून म्हणाले, "तू लग्नातला शालू रोज नेसतीस का?"

"रोज नाही. पण एकदा तरी नेसलेय."

त्यांनी बोळा परत तेलात बुडवला. पुढची दोन वर्षं आम्ही या विषयावर बोललो नाही.

मग लातूर जिल्हा झाला. त्याआधी आमचं सगळं उस्मानाबादला होतं. परवान्याचं नूतनीकरण म्हणजे मामंजी एसटीनं उस्मानाबादला जात, तिथला कारकून पुस्तकातला नंबर आणि हत्यारावरचा नंबर जुळवून शिक्का मारी, आणि मामंजी तुळजापूरला दर्शन घेऊन परत येत. नवा जिल्हा झाला तशी दप्तरं लातूरला आली, भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या बसल्या, नवे साहेब आले. नव्या संसारात सगळी भांडी घासून पुसून मांडतात तसा तो प्रकार होता. सगळ्याच गोष्टी पुन्हा पहिल्यापासून तपासायच्या.

त्यातच पावसानं पाठ फिरवलेली. आमच्याकडे लागोपाठ तीन वर्षं नीट पाऊस नव्हता. गावात टँकर यायचा, अंघोळीचं पाणी परातीत धरून मग ते म्हशीला. करडईसुद्धा, जी बिचारी दवावर येते, ती गुडघ्याएवढी होऊन थांबली. अशा दिवसांत एक दिवस तलाठ्याबरोबर कचेरीचा कागद आला. मामंजींचे डोळे तोवर चष्म्यालाही न जुमानण्याइतके अधू झाले होते, म्हणून कागद मला वाचायला सांगितला. शस्त्र परवानाधारकांनी अमुक दिवशी पोलीस मैदानावर आपली सर्व शस्त्रे घेऊन हजर राहावे. शस्त्रे चालू स्थितीत असल्याचे आणि धारक ती हाताळू शकत असल्याचे, त्यांपैकी कोणत्याही एका शस्त्रातून स्वतः गोळी झाडून दाखवावे. न दाखवल्यास परवाना रद्द होऊन शस्त्रे मालखान्यात जमा केली जातील.

मी वाचून कागदाची घडी केली. मामंजी म्हणाले, "पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचला. त्यांनी कपाट उघडलं, मोठं रिव्हॉल्व्हर काढलं, मांडीवर ठेवलं आणि चाप ओढला. माझ्यासमोर त्यांनी पहिल्यांदाच चापाला बोट लावलं. चाप हलला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही. चकरी फिरेना. मग दुसरं काढलं, मग तिसरं. तिन्ही दगडासारखी गच्च बसली होती.

मी ते मोठं हातात घेतलं. विचारलं नाही, घेतलंच. सांध्यांत, चकरीच्या मागे, घोड्याच्या, म्हणजे मागच्या ठोकणीच्या, खाली, सगळीकडे पिवळट, चिवट थर. तेलाच्या बुधल्याच्या तोंडाशी वर्षानुवर्षं जमतो आणि नखानं निघत नाही, तोच. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

"मामंजी, हे करडईचं तेल आहे. वाळलं की रंगासारखं बसतं."

"म्हंजी हे म्याच केलं?" ते म्हणाले. "दर दसऱ्याला?"

खोटं बोलता आलं असतं, पण मला ते तेव्हाही येत नसे. मी मान हलवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ज्या माणसानं चकरी झिजेल म्हणून फिरवली नाही त्यानं ती स्वतःच्या हातानं, पूजा करून, बंद करून टाकली होती. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मी मनातून खूश होईन. झाले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. पुढच्या दारानं. माझे यजमान शाळेत शिक्षक, त्यांनी रात्री वडिलांना सांगितलं होतं की हिला हत्यारातलं समजतं, कॉलेजात शिकलीय. मामंजींनी मला नखशिखान्त पाहिलं, जणू मीच कुणीतरी उदगीरहून दाखवायला आणलेली वस्तू. मग विचारलं, "निघंल का ते?"

"रॉकेलनं निघेल."

रेशनचं रॉकेल. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "चुलीला न्हाई आन् पिस्तुलाला रॉकेल!" पण दिलं. स्टीलच्या डब्यात तिन्ही रिव्हॉल्व्हरं तीन दिवस बुडवून ठेवली. मग जुना दातांचा ब्रश, बांबूची बारीक कामटी, चिंध्या. स्क्रू काढायचे ते मामंजींनीच, मला हात लावू दिला नाही. प्रत्येक स्क्रू कुठला ते कळावं म्हणून ते पाटावर खडूनं गोल काढून त्यात ठेवत. मी घासायची, ते उजेडात धरून बघायचे आणि परत माझ्याकडे द्यायचे. "अजून हाय." पाच दिवस असं चाललं. लहान दोन आधी सुटली, पाचव्या दिवशी दुपारी मोठ्या रिव्हॉल्व्हरची चकरी हलली. मी घोडा मागं ओढून सोडला तर टक् आवाज आला. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय मोडलं?" आणि आम्ही दोघंही हसलो. मामंजींना मोठ्यानं हसताना मी प्रथमच ऐकलं.

पण अर्धंच काम झालं होतं. ते चालू झालं, चालवणार कोण? कागदात स्वतः म्हटलं होतं.

मी गोठ्यात त्यांची शिकवणी सुरू केली. रिकामं रिव्हॉल्व्हर, नळीवर एक रुपयाचं नाणं. घोडा मागे ओढून चाप असा आवळायचा की नाणं पडता कामा नये. मामंजींचं नाणं पहिल्या दिवशी दर वेळी पडलं. तिसऱ्या दिवशी निम्म्या वेळा. मला शिकवायची सवय नाही, मी ओरडायची. "ओढू नका, दाबा! धार काढल्यासारखं हळू!" मग एकदम आठवायचं की आपण कुणाला ओरडतोय, आणि मी पदर पुढे ओढायची. त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. शेणाच्या पाटीशेजारी उभं राहून ते बिचारे पुन्हा नाणं ठेवत.

गोळ्या झाडायला जागा हवी होती, ती दुष्काळानं दिली. बहात्तरच्या दुष्काळात लोकांना काम म्हणून गावाबाहेर पाझर तलाव बांधला होता. त्याला आता टिपूस नव्हतं. तळाच्या भेगाळलेल्या मातीत उभं राहिलं की समोर मातीचा भलामोठा बांध, गोळी घुसली तर तिथंच राहणार. चिटपाखरू नसे. आम्ही सकाळी उन्हं चढायच्या आत गेलो. सासूबाईंनी भाकरी बांधून दिली, जणू खुरपायला चाललोय. बांधाला टेकून तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला आणि मामंजींनी वीस पावलं मोजली.

काडतुसं नांदेडच्या त्या बाईंनी दिलेलीच. इतकी जुनी की निम्मी पेटतील का याची शंका. एकंदर नऊ होती. मी म्हटलं, पाच इथं, चार तिथं.

पहिली गोळी झाडताना मामंजींनी डोळे मिटले. आवाज असा झाला की मी दोन्ही कान झाकले. रायफलीचा आवाज याच्यापुढे टाळी वाजवल्यासारखा. डब्याच्या बाजूला चार हातांवर माती उडाली. दुसरीलाही डोळे मिटले. तिसरं काडतूस पेटलंच नाही. चौथी बांधाच्या माथ्यावरून गेली असावी, कारण माती कुठेच उडाली नाही. पलीकडे कुणाची शेळी असती तर!

"डोळे उघडे ठेवा ना, मामंजी!"

"उघडे ठिवून तरी काय दिसायलंय मला," ते म्हणाले. "डबा म्हंजी नुसती चकाकी दिसती."

ते बसले. मोतीबिंदू होता, आम्हाला सगळ्यांना माहीत होता, पण नाणं तोलण्याच्या नादात मी तो विसरूनच गेले होते. एक काडतूस राहिलं होतं. माझे तळहात शिवशिवत होते. लग्न झाल्यापासून, रोज, त्या कपाटासमोरून केरसुणी फिरवताना शिवशिवत होते. मला ते चालवायचं होतं. दुसरं काही नको होतं. पण माझ्या नावावर परवाना नाही, कायद्यानं मी ते हातातही धरायला नको होतं, आणि ते धुण्यापुसण्यातच मी पुष्कळ कायदा मोडला होता.

मामंजींनी रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे धरलं. "तू मार."

"मी?"

"मला बघायचंय, ही कशी चालती ते. माझ्या हातानं काय ते दिसंना."

मी पदर कमरेला खोचला. रिव्हॉल्व्हर मी कधीच चालवलं नव्हतं, आणि हे तर दोन शेर वजनाचं धूड. दोन्ही हातांनी धरलं. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा दाणा, डब्याच्या पोटावर आणली, श्वास अर्धा सोडला आणि थांबले. त्या हवालदारांनी म्हटल्याप्रमाणे मला घाई नव्हती. मला एवढंच आठवतं की मधेच एक टिटवी ओरडली, ती गप्प व्हायची मी वाट पाहिली, आणि मग बोट आवळलं.

डबा उलटा होऊन दोन हात मागे उडाला. मी पळत जाऊन उचलला. बरोबर मध्ये भोक, अंगठा जाईल एवढं. मी तो डबा दोन्ही हातांनी वर धरून मामंजींकडे वळले. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता, हे लिहायला आता काही हरकत नाही.

मामंजी डब्याकडे बघतच नव्हते. त्यांनी रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडलं होतं, नख मागे धरलं होतं आणि नळीत डोळा लावून बघत होते, पीळ खराब झाले का ते. "ठीक हाय," ते म्हणाले. बस्स. एवढंच. रागानं मी भाकरीचं गाठोडं घरापर्यंत त्यांनाच उचलू दिलं.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं लातूरला गेलो. यजमानांची शाळा होती, आणि मामंजींना कागद वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. पिशवीत तिन्ही रिव्हॉल्व्हरं, टॉवेलात गुंडाळून, वर जेवणाचा डबा. बसमध्ये मी त्यांना बजावत होते. डोळे उघडे ठेवा, नेम लागला नाही तरी चालेल, नळी खाली धरा, कुणाकडे वळवू नका. ते मान हलवत होते. त्यांना फक्त एकच काळजी होती. तिथं काही चुकलं तर तिन्ही जातील. एकच परवाना, एकाच पुस्तकात तिन्ही नंबर.

पोलीस मैदानावर मातीचा ढीग केला होता, त्यापुढे कागदाचा चौकोन. एका मांडवाखाली टेबल, टेबलाशी एक तरुण अधिकारी आणि शेजारी कारकून. वीसपंचवीस परवानाधारक होते, बहुतेक बंदुकीवाले. मामंजींची पाळी आली तशी मी मांडवाच्या कडेला उभी राहिले. त्यांनी रिव्हॉल्व्हर नीट भरलं, नळी खाली ठेवली, घोडा ओढला. हात स्थिर होता, मला अभिमान वाटला. तीन गोळ्या उडाल्या, तिन्ही कागदाच्या बाहेर. चौथं काडतूस पेटलं नाही. तरी माझ्या हिशेबानं काम झालं होतं. हत्यार चालू होतं, धारकाला हाताळता येत होतं, कागदात नेमाविषयी काही लिहिलं नव्हतं.

अधिकारी भला माणूस होता. मामंजींना त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. पुस्तक उघडून शिक्का हातात घेतला आणि शिक्का मारता मारता, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हणाला, "बाबा, जुनं झालं हो हे. नळी गेलेली दिसते. तीनही बाहेर. असलं ठेवून काय उपयोग?"

मी मामंजींकडे पाहिलं आणि मला कळलं की आता काहीतरी होणार.

"नळी गेली?" ते म्हणाले. "साहेब, नखावर उजीड घिऊन बघा. एक डाग दिसला तर मी ते इथंच ठिवून जातो. खोट माझ्या डोळ्यात हाय. चिजंत न्हाई. परवा याच्यानंच आमच्या सूनबाईनं वीस पावलावरून डबा उडवला."

कारकुनाचं पेन थांबलं. रांगेतल्या दोघातिघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. अधिकाऱ्याचा शिक्का तसाच हवेत. मग त्यानं तो हळूच खाली ठेवला.

"सूनबाईंच्या नावावर परवाना आहे?"

"न्हाई."

अधिकारी पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, परवानाधारकानं आपलं शस्त्र दुसऱ्याला चालवायला दिलं तर परवाना राहत नाही. तिन्ही जमा करावी लागतील. आता तुम्ही बोलण्याच्या ओघात बोलून गेलात, असं मी समजतो. माणूस घरच्यांचं कौतुक करतोच. सूनबाईंनी काही मारलं नाही, एवढं म्हणा. मी शिक्का मारतो, तुम्ही जा."

इतकं सोपं होतं. नाही म्हणायचं. मी पदराआडून मान हलवत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. मला माझ्या त्या गोळीचं काही नव्हतं, खरंच नव्हतं. ती मी मनात ठेवून जन्मभर जगले असते. पण त्या माणसानं पंचवीस वर्षं हात धुऊन ज्या वस्तूंना हात लावला त्या मालखान्यात, गंजक्या कोयत्यांच्या आणि जप्त केलेल्या गावठी कट्ट्यांच्या ढिगात पडणार, या विचारानं मला रडू येत होतं.

मामंजींनी विचारलं, "खरं सांगितलं तर तिला काही हुईल का?"

"नाही. जबाबदारी तुमची. त्यांचं नाव मी लिहीत नाही."

मामंजींनी टेबलावरच्या तिन्ही रिव्हॉल्व्हरांकडे एकदा पाहिलं. मोठ्याच्या मुठीवर धूळ बसली होती, ती अंगठ्यानं पुसली. मग टॉवेलाची घडी करून पिशवीत ठेवली आणि परवान्याचं पुस्तक अधिकाऱ्याकडे सरकवलं.

"मारलं तिनं," ते म्हणाले. "डब्याच्या मधोमध. आन् नाव लिवलं न्हाई तरी चालंल, पण हे लिवून घ्या साहेब, पयल्याच गोळीला."

कारकुनानं अधिकाऱ्याकडे पाहिलं, अधिकाऱ्यानं मान हलवली, आणि कारकुनानं ते लिहून घेतलं. मामंजींनी खाली सही केली, आणि हलकी पिशवी घेऊन आम्ही स्टँडकडे निघालो.